काळजाचा पॉइंट

डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या जीपमध्ये ती माझ्या समोर बसली होती. पायाशी सुक्या बोंबलांची टोपली आणि इंजिनाला न जुमानणारा आवाज. माझ्या हातातला सोनोग्राफीचा लिफाफा तिनं लगेच हेरला.

"काय निघालं?"

"लिव्हरला सूज."

"लिव्हर म्हणजे काळीज. काढ चप्पल."

मी नको म्हणेपर्यंत माझा पाय तिच्या मांडीवर होता. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खळग्यात तिनं आपला अंगठा असा रोवला की मी कळवळलो. चिनी लोकांचा काळजाचा पॉइंट, वाणगावच्या अ‍ॅक्युप्रेशर शिबिरात शिकवलेला म्हणे.

"दुखतंय ना? मग सांग, कोणाशी भांडलास?"

"भांडण नाही मावशी, तेलकट खाणं झालं."

"तेलानं पोट बिघडतं. काळीज माणसांमुळे सुजतं."

जीपमधले सगळे हसले. काळीज म्हणजे यकृत, शब्द बरोबरच होता. तिच्या मनातलं काळीज मात्र वेगळं होतं. हे समजावायला मी तोंड उघडलं, तिनं आणखी जोर लावला आणि बाहेर पडलं ते माझ्या धाकट्या भावाचं नाव.

"बघा, सापडला पॉइंट," ती खूश होऊन सगळ्यांना म्हणाली.

तलासरीला उतरून टोपली डोक्यावर चढवताना म्हणाली, "गोळ्या डॉक्टरच्याच घे. पण भावाला फोन लाव, तिथं माझा अंगठा नाय पोचत."

संध्याकाळी लावला. इतक्या महिन्यांनी माझा आवाज ऐकून तो घाबरलाच.

"काय झालं रे दादा?"

"काळजाला सूज होती," मी म्हणालो, "उतरतेय."