बायकोच्या सौर चार्जरची तपासणी

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या कामात खोडी काढण्यात गेलं, आणि त्याचा मला पगार मिळायचा. बडोद्यात मकरपुऱ्याला व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी तपासनीस होतो. तयार माल माझ्या टेबलावर यायचा, मी मापून बघायचो. बरोबर असेल तर सुतळीने हिरवं कार्ड बांधायचं, दुरुस्तीला जाणार असेल तर पिवळं, बाद असेल तर लाल. कार्डावर कारण लिहायचं आणि खाली सही ठोकायची. कामगार माझ्या पाठीमागे मला काय म्हणत ते मला चांगलं ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत खोटं कार्ड मी एकदाही बांधलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर चांगला माजच होता.

निवृत्त झालो त्या दिवशी सोबत्यांनी शाल दिली, नारळ दिला आणि चेष्टेने कोऱ्या कार्डांचा अख्खा गठ्ठाही दिला. म्हणाले, "साहेब, आता घरी चालू द्या." मी चालू दिलं. कुकरच्या रबराला पिवळं कार्ड, गच्चीवरच्या गळक्या नळाला लाल. बायकोने आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी माझ्या आरामखुर्चीला पिवळं कार्ड लटकत होतं: "दिवसभर नुसता बसून असतो. कामाला लावणे." खाली तिची वळणदार सही. ती शाळेत गणित शिकवायची आणि माझ्या एक वर्ष आधी निवृत्त झाली होती.

तिला नर्मदा परिक्रमा करायची होती. ओंकारेश्वरहून निघायचं, नदी उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जायचं, मग दुसऱ्या काठाने उगमापर्यंत, आणि तिथून वळून पुन्हा ओंकारेश्वर. सगळं पायी. चार-साडेचार महिने. भजनी मंडळातल्या तिघी तयारच होत्या. मला तिने हे दसऱ्याला कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं.

"आता तुम्ही घरी आहात, तर घराची काळजी नाही. दिवाळी झाली की मी जाऊन येते. चला की तुम्हीही."

माझ्या गुडघ्यांना डॉक्टरांनी आधीच लाल कार्ड दिलेलं होतं, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. मुलगी लग्न होऊन पुण्याला. म्हणजे चार महिने या घरात मी एकटा. आता मनातलं सांगतो. कारखान्याच्या बसमध्ये बसून घरी येताना मी वर्षानुवर्षं एकच चित्र रंगवलं होतं: निवृत्तीनंतर रोज चार वाजता आम्ही दोघं दारापुढच्या ओट्यावर बसून सावकाश चहा पिणार. हे तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला असलं काही सांगायची आमच्या पिढीला सवय नव्हती. म्हणून मी सरळ नाही म्हणण्याऐवजी अट घातली.

"रोज संध्याकाळी सहाला फोन आला पाहिजे. एक दिवस जरी चुकला, तरी मी येऊन तुला घेऊन जाईन."

मी आधीच चौकशी केली होती. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत कित्येक दिवस वीज दिसत नाही, आणि आश्रमात असली तरी एका प्लगपाशी चाळीस जण फोन घेऊन उभे. अट पाळणं अशक्य होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दोन दिवसांनी ती अलकापुरीतल्या एका दुकानातून एक डबी घेऊन आली. पावडरच्या डबीसारखी, झाकण उघडलं की आत काळी चकचकीत पट्टी. "उन्हावर मोबाइल चार्ज होतो," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, पसंत नाही पडला तर आठ दिवसांत परत आणा. घ्या तपासायला. पास करणारे तुम्हीच."

तपासणी म्हटल्यावर माझ्यातला झोपलेला माणूस खडबडून उठला. मी नवी वही घातली. रोज सकाळी तिचा फोन पूर्ण रिकामा करायचा, मग चार्जर गच्चीवर ठेवायचा आणि दर तासाला फोनवरच्या बॅटरीच्या दांड्या मोजून लिहायच्या. फोन रिकामा करण्यासाठी मी त्यावर सापाचा खेळ खेळायचो. तास तास. शेजारच्या बेन त्यांच्या गच्चीवरून विचारायच्या, "भाई, शुं चाले छे?" मी म्हणायचो, "टेस्टिंग."

डबीने दोन दिवस ऑक्टोबरचं ऊन खाल्लं आणि दिली एकच दांडी. लाल कार्ड. अगदी रास्त लाल कार्ड. मग एका प्रदर्शनातून तिने सौर कंदील आणला, त्याला मोबाइलची वायर जोडायची सोय होती. चार्ज छान करायचा, पण वजन दीड किलोच्या वर. ती तेव्हा पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये बाजरी भरून रोज पहाटे नागरवाड्यापर्यंत चालून येत होती. एक दिवस तिने बाजरीबरोबर कंदील घेतला आणि परत आल्यावर स्वतःच कार्ड मागितलं. "द्या लाल. हा कंदील मला उचलायचा, का मी कंदिलाला?"

मी खूश होतो. दिवाळी जवळ येत होती आणि दोन बाद झाले होते.

तिसरा निवडताना मात्र ती दुकानात जायच्या आधी जेवणाच्या टेबलाशी बसली. लाटणं आडवं ठेवलं आणि म्हणाली, "ही नर्मदा. कायम उजव्या हाताला. पहिल्यांदा आम्ही दक्षिण काठाने पश्चिमेकडे चालणार, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर. समुद्रापाशी पलीकडे गेलो की पूर्वेकडे चालायचं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन पाठीवर. तुम्ही चार्जर गच्चीवर आडवा ठेवून काय तपासता? मला सॅकवर लटकणारा पाहिजे. चालताना चार्ज होणारा."

इतकी वर्षं मापं घेतली, पण वापरणारा कुठल्या दिशेने चालणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिने आणला तो घडीचा होता. कापडावर शिवलेल्या तीन काळ्या पट्ट्या, घडी केली की मासिकाएवढा, चारही कोपऱ्यांना बांधायला कड्या. बरोबर पिनांचा झुपका, त्यात तिच्या फोनची बारीक पिनही. मी सॅकला बांधला, सॅक कठड्याला टेकवली, सकाळी आठला पाठ उन्हाकडे करून ठेवली. अकराला दोन दांड्या. एकला चारही. फोन भरला होता. भर उन्हात मी घामाघूम होऊन उभा. म्हणजे आता ती जाणार होती.

खाली ती फराळाच्या भाजणीचं बघत होती. मी वहीत चारच्या जागी दोन लिहिलं. लाल कार्ड काढलं आणि कारण लिहिलं: "पिन सैल. चालताना संपर्क तुटतो." सही केली. ती नेहमीसारखीच ठसठशीत आली, याचंच नंतर जास्त वाईट वाटलं.

तिने कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, पण तिने चार्जर कपाटात ठेवला आणि पुन्हा भाजणीकडे वळली. पुढे तो परत द्यायला मला जायचं होतं. रोज कपडे करून, चार्जर मुद्दाम कपाटातच विसरून निघायचो आणि स्टेशनपर्यंत जाऊन चहा पिऊन परत यायचो. दुकानदार भला माणूस, तो पिन लावून बघणार आणि विचारणार, "भाई, आमां शुं वांधो छे?" म्हणजे यात खोट काय आहे? त्याला काय दाखवू? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ती कपाटाजवळ गेली तरी मी दचकायचो.

सातव्या दिवशी शेजारच्या बेन फाटकाशी भेटल्या. एकदम खुशीत.

"भाई, तमारो पेलो रिजेक्ट पीस तो बहु सरस चाले छे हं! भाभी रोज अमारी अगासीमां मूके छे. मारो फोन पण एनाथी ज चार्ज कर्यो."

म्हणजे मी बाहेर पडलो की माझी बायको चार्जर घेऊन शेजारच्या गच्चीवर. रोज. सात दिवस.

मी घरात गेलो. ती ओट्याच्या पायरीवर बसून पायांत नवे बूट घालून बघत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तो पीस चांगला आहे. फॉल्ट तपासनीसात आहे."

"मला त्याच दिवशी कळलं," ती लेस बांधत म्हणाली. "फोन भरलेला होता, आणि वहीत दोन दांड्या. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही तोंडाने सांगाल म्हणून वाट बघत होते. तसं तर घेऊन निघालेही असते. पण खोटं कार्ड लिहून तुम्ही घरात बसलेले, आणि मी चार महिने चालते आहे, हे मला जमलं नसतं. पाऊल उचललं नसतं."

मग मी म्हणूनच टाकलं. "मला भीती वाटते गं. तुझं काही होईल म्हणून वाटते, आणि त्याहून जास्त माझी वाटते. एवढ्या मोठ्या घरात मी काय करू? मला तर रोज चार वाजता तुझ्याबरोबर चहा प्यायचा होता."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हे दसऱ्याला बोलला असतात तर दोन चार्जर कमी आणावे लागले असते." मग हात धरून तिने मला पायरीवर बसवलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, तरी तिने चहा टाकला.

मी लाल कार्ड फाडलं, हिरवं लिहिलं. कारणाच्या रकान्यात "पिन घट्ट" लिहिलं आणि सही केली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि इंदूरच्या बसमध्ये चौघी चढल्या. तिच्या सॅकवर काळ्या पट्ट्या आणि त्यांना माझं हिरवं कार्ड. मी काढायला सांगितलं, तर म्हणाली, "राहू द्या. लोक विचारतील तर सांगेन, बडोद्यात पास झालाय."

रोज सहाला फोन यायचा. आधीच्या साऱ्या संसारात आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "दूध आणू का?" आणि "आणा." आता ती अर्धा अर्धा तास सांगत बसायची. कुणी गरम भाकरी वाढली, कुणाचा पाय मुरगळला, एका गावात म्हातारीने चार्जरला काळा आरसा समजून त्यात टिकली नीट केली. मी वरण कसं करपवलं ते सांगायचो. सुरुवातीला मी रोज विचारायचो, "दांड्या किती?" ती म्हणायची, "चार." मग मी निश्चिंत.

आणि एक दिवस सहाला फोन आला नाही.

साडेसहाला मी लावला. "कवरेज क्षेत्रनी बहार छे," ती गुजराती बाई म्हणाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. चौघी आता शूलपाणीच्या झाडीत होत्या. तिथे वीज नाही हे मी शोधून काढलं होतं, दर तासाला दांड्या मोजल्या होत्या, पिन घट्ट आहे म्हणून सही केली होती. पण तिथे मोबाइलचा टॉवर आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही. चार दांड्या भरलेला फोन सॅकमध्ये घेऊन ती कुठेतरी चालत होती आणि तो नुसता दगड होता. तिला आणायला जाईन अशी अट घातली होती मी. पिशवी भरली, बसची वेळ विचारून आलो, आणि पिशवी तशीच दाराशी ठेवली. आपण असं धावत गेलो तर तिचं चालणं थांबेल, हे मला कळत होतं. तरीही ती पिशवी उचलून जागेवर ठेवायला मला दोन दिवस लागले. रोज चार वाजता दोन कप चहा करायचो आणि दोन्ही मीच प्यायचो.

चौथ्या दिवशी सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"अहो, रेंजच नव्हती! आत्ता टेकडी चढून आले. चार्ज फुल्ल आहे हं, चारही दांड्या. तुम्ही निघाला नाहीत ना?"

"नाही निघालो."

"घाबरला होतात?"

"हो," मी म्हणालो. "फार."

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मी पण. तुम्ही पिशवी घेऊन दत्त म्हणून समोर उभे राहाल, आणि मग परत यावं लागेल, म्हणून रोज मागे वळून बघत होते."

मला हसूच आवरेना. तिलाही आवरेना. तिच्याबरोबरच्या तिघीही हसत असाव्यात, तसा गलका ऐकू आला. त्या दिवशी मी दांड्या विचारल्या नाहीत. तिचा फोन बंद पडेपर्यंत आम्ही बोललो.