देवाच्या फुलाखाली

रणोजीकाका महाराजांच्या घोडदळातून निवृत्त झाले आणि घोडा सरकारजमा झाला. तेव्हा काकांनी म्हैस घेतली नि तिचं नाव ठेवलं बिजली. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. बोलायला घरात तीच एक. अख्ख्या म्हैसुरात इतकं मंद जनावर शोधून सापडलं नसतं. असं मी बोलले की शेजारधर्म विसरून काका माझ्याशी अबोला धरत.

पण पाण्यात गेली की तिचं रूप पालटे. गावाबाहेरच्या तळ्यात ती गळ्यापर्यंत शिरायची, डोकं बुडवायची आणि तळाचं पाणगवत उपटून, कान फडफडवत वर यायची. गोठ्यातल्या वैरणीला ती तोंड लावेल तर शपथ! मी धुणं विसरून बघत राहायची. एवढं अवजड धूड पाण्याखाली श्वास धरून चरतं, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

एका साहेबाच्या बंगल्यातल्या हौदात तेव्हा नवीनच एक परदेशी झाड तरंगत असे. देठ फुगीर, फुलं जांभळी, आणि वरच्या पाकळीवर हुबेहूब मोरपिसाचा डोळा. माळ्याने काकांना त्याचं रोप दिलं. मोरपीस म्हटल्यावर काकांच्या विठ्ठलाशिवाय ते कुणाला शोभणार? दगडी कुंडीत रोप वाढलं, एकादशीला फुलं देवाला गेली. मग कुंडी ओसंडली. देवाच्या फुलाचं झाड उकिरड्यावर कसं टाकायचं? काकांनी रीतीप्रमाणे ते निर्माल्याबरोबर तळ्यात सोडलं आणि हात जोडून घरी आले.

वर्ष उलटेतो पाणी दिसेनासं झालं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत नुसती जांभळी फुलं. लोक गाड्या जुंपून बघायला येत. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर मीही कधी पाहिलं नव्हतं. आणि एका रोपाची ही करणी बघून अंगावर काटाही आला.

बिजलीने तेच खायला सुरुवात केली. दुसरं होतं काय? तिला हगवण लागली, दूध पातळ झालं, बरगड्या दिसू लागल्या. एका सकाळी ती त्या दाट पानांत घुसली आणि पानं तिच्यावर मिटली. काकांनी हाका मारमारून घसा फोडला. मग तळ्याच्या मधोमध तो हिरवा थर फुगला, फाटला, आणि शिंगांवर जांभळी फुलं घेऊन बिजली वर आली. काठावरच्या बायकांनी हात जोडले. काका मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते. ते रिकामं होतं. पानांखाली ऊन पोचत नव्हतं. तळाचं गवत कुजून गेलं होतं.

काकांनी तिला बन्नूरला, बहीण भागीरथीबाईंकडे पोचवली. त्यांच्या शेताजवळून कालवा जातो, तिथे ती जगेल म्हणाले. परत आले ते हातात नुसतं दावं घेऊन, आणि ओसरीवर बसून मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवसापासून काका कमरभर पाण्यात उभे राहून ती झाडं उपटू लागले. देवाचं फूल उपटतो म्हणून लोकांनी नावं ठेवली. ते खाट टाकण्याएवढी जागा मोकळी करत, आणि बघता बघता ती पुन्हा बुजे. थंडीने कुडकुडणारा तो म्हातारा पाहून माझं डोकं फिरलं. बिजली तर गेली, आता कुणासाठी मरताय, असं मी तोंडावर विचारलं.

काकांनी मुळांचा एक झुबका वर काढला. त्याला गोगलगायी चिकटल्या होत्या. एरवी ह्या तळ्यातल्या दगडांवरचं शेवाळ खरवडून खाऊन टणक होणाऱ्या. आता त्यांचे शंख पांढरे पडले होते. एक तर काकांच्या बोटांत अंड्याच्या टरफलासारखा फुटला.

"नोडु, बघ," ते म्हणाले, "ही बी चरणारीच की. बिजलीला बन्नूरला सोडून आलो. ह्यांना कुठं सोडू?"

मी वाकून पाहिलं. हिरव्या थराखाली, मुळामुळाला, नजर पोचेल तिथवर त्या लटकल्या होत्या. एवढी तोंडं ह्या तळ्यावर जगतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले.