पाणी टाकलं का बे खड्ड्यात?

पिंपळगाव राजाले एका लग्नात मी माइक धरून उभा होतो. नवरदेव यायचा होता, तोवर मांडवातल्या लोकायले नकला करून हसवत ठेवायचं एवढंच माहं काम. एसटीचा कंडक्टर करून झाला, आमचे नाकातून बोलणारे गणिताचे सर करून झाले, अन् खिशात फोन थरथरला. स्क्रीनवर नाव, विलासदादा. या माणसाचा फोन मी कधी सरळ उचललाच नाही. त्यानं तोंड उघडायच्या आधी त्याच्याच आवाजात, त्याच्यासारखंच दोनदा खाकरून मी त्याचाच प्रश्न त्याले विचारायचो, अन् पलीकडून शिव्या यायच्या. तसंच केलं. माइक काखेत दाबला अन् म्हणलं, "पाणी टाकलं का बे खड्ड्यात?" शिव्या आल्या नाहीत. कोणीतरी नुसता श्वास घेतला... मग मंगलावहिनीचा आवाज आला. "निखिल, ते गेले रे."

मांडवात लोकं अजून आधीच्या जोकवर हसत होते. मी मात्र तिथंच घामानं गार झालो. मेलेल्या माणसाच्या बायकोले मी त्याच्याच आवाजात हटकलं होतं. तेव्हापासून तो आवाज माह्या गळ्यात तसाच अडकून पडला. बाहेर काढायची हिंमत नाही, अन् चुकून निघून जाईन याची धाकधूक वेगळी. बोलायच्या आधी खाकरणंच बंद केलं मी.

विलासदादा आमच्या जळगाव जामोदमधे कॉम्प्युटर जोडून द्यायचा. बाजारातल्या गल्लीत एक शटर, आत टेबल, टेबलाखाली उघडे पडलेले डबे. अन् हा माणूस एक नंबरचा भित्रा. आभाळ नुसतं सातपुड्याकडून काळं झालं की हा दुकानातले सगळे प्लग उपटून बाहेर ओट्यावर येऊन बसे. गिऱ्हाइकाचं काम अर्ध्यात असो की पूर्ण. पाण्याची मोटर, कुलर, फ्रिज, कशालेही हात लावायचा तर आधी उलटा हात, बोटांची पाठ. सरळ हातानं करंट लागला तर मूठ आवळते अन् वस्तू सुटत नाही, उलट्या हातानं हात मागं फेकल्या जाते, असं तो सांगे. गल्लीतले पोट्टे त्याले चिडवत, दादा, वहिनीले पण आधी उलटाच हात लावून पाह्यला का? तो म्हणे, हाव बे, म्हणून तर जिवंत आहो.

मले आवाजांचे व्हिडिओ करायसाठी कॉम्प्युटर पाहिजे होता. मोबाइलवर एडिटिंग करून करून फोन तव्यासारखा तापायचा. मी दादाकडं गेलो ते थाटात गेलो, कोणतं ग्राफिक कार्ड, किती रॅम, काचेचं कॅबिनेट, आत रंगीबेरंगी लाइट फिरते ते पंखे... सगळं पाठ करून. दादानं शांतपणे ऐकून घेतलं अन् विचारलं, तुमच्या घराचं मीटर कुठं आहे? मी म्हणलं, मले कॉम्प्युटर पाहिजे, मीटर नाही. तर म्हणे, लाइटी पाह्यच्या असतील तर गणपतीच्या मांडवात जाय, मी इथं एसएमपीएसपासून सुरू करतो.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या आतली ती पत्र्याची पेटी, भिंतीतला करंट घेऊन सगळ्या पार्टायले वाटून देणारी. लोकायले तिचं नाव पण माहीत नसते, कारण स्वस्त कॅबिनेटसोबत ती फुकट येते. दादा ती फुकटची पेटी आधी काढून बाजूले ठेवी. मग चांगली पेटी हातात घेऊन वजन पाहे, जशा बाया बाजारात टरबूज पाहतात तशी. हलकी लागली की तोंड वाकडं. "हे फुकटचं एकटं मरत नाही बे, नकल्या," तो मले म्हणला होता. "मरतांना बोर्डाले घेऊन मरते. अन् तिथं जर तुही आई पोतेरं घेऊन उभी असली तर?" मी हसलो होतो. मग त्यानं माह्या सगळ्या यादीतून काच काढली, लाइट काढले, ग्राफिक कार्ड एक पायरी खाली आणलं, अन् वाचलेलं सगळं त्या न दिसणाऱ्या पेटीत घातलं. आला शेवटी साधा काळा डबा. मित्र पाहायले आले तर म्हणे, हे काय, बँकेतून उचलून आणलं का?

पण तो डबा घरी यायच्या आधी दादा स्वतः आला, हातात बल्ब लावलेला होल्डर अन् त्याच्या दोन उघड्या वायरी घेऊन. आधी सगळ्यायले अंगणात काढलं. कोणी कुलरले हात लावाचा नाही, फ्रिजले नाही, आज्जीनं नळालेही नाही. माह्या आईले वाटलं घरात साप निघाला. मग त्यानं रबरी चपला घालून एक वायर फेजमधे अन् एक अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब पेटला म्हणावा तर पेटला नाही, नुसती आतली तार लाल किड्यासारखी दिसली. दादाचा चेहराच पडला. आमची अर्थिंगची पट्टी नावालेच जमिनीत होती. त्यानं माणूस लावून खड्डा खोदवला, कोळसा अन् खडं मीठ टाकून पट्टी नव्यानं बसवली, वरून बादलीभर पाणी ओतलं. मग बल्ब असा लख्ख पेटला की आज्जीनं हात जोडले. चांगली पेटी फालतू करंट जमिनीत सोडून देते, त्यानं समजावलं, पण जमिनीनं घेतला पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पट्टीले सोडून देते. मग तो करंट कुठं जाईन? डब्यावर येऊन बसते.

म्हणून दर उन्हाळ्यात, ऊन चटके द्यायले लागलं की दादाचा फोन ठरलेला. मलेच नाही, जिथं जिथं त्यानं मशीन बसवली तिथं तिथं. फोटो स्टुडिओ, झेरॉक्सवाला, कृषी केंद्र, पार डोंगराच्या पायथ्याशी राहणारे एक गुरुजी. रामराम नाही, कसा आहेस नाही. दोनदा खाकरणं अन् तोच एक प्रश्न. गावात माही सगळ्यात हिट नक्कल तीच होती. दुकानात त्याच्यासमोर करायचो तर तो स्वतःच पोट धरून हसे अन् म्हणे, खाकरणं थोडं जास्त झालं.

करंटले एवढा भिणारा माणूस छातीतल्या कळेले भ्याला नाही. ॲसिडिटी आहे म्हणला, लिंबू-सोडा पेला, स्टुलावर बसला... तिथंच गेला. लोकं मातीले आले तर हळूच विचारत होते, शॉक लागला का? मले तर आता माह्या छातीत नुसती जळजळ झाली तरी हातपाय थंडे पडतात.

अन् मग तो दिवस. दादा गेल्यावरचा पहिलाच उन्हाळा, लू वाहत होती. मी आतल्या खोलीत व्हिडिओ काढत होतो, आई ओलं फडकं घेऊन टेबल पुसून राह्यली होती. फडकं डब्यावरून गेलं अन् तिनं "अगं बाई" म्हणून हात मागं ओढला. पाण्याची वाटी खाली पडली. ती पलंगावर बसून दंड चोळत होती, ओठ पांढरे. मी धावत जाऊन वायर उपटली. तुमाले खरं सांगतो, विलासदादा नुसता आठवला नाही, विलासदादाच *दिसला*... पोतेरं घेऊन उभी असली तर?

मी त्या डब्यावर चादर टाकली, जशी... जाऊ द्या, कशी ते तुमाले समजलं. रिपेरिंगवाल्यानं लांबूनच निकाल दिला की एसएमपीएस गेला, फेकून दे. दादानं वजन करून निवडलेली पेटी फेकायची? अन् नाही फेकली, अन् उद्या आज्जीनं हात लावला तर? खोलीले कडी लावली. काम बंद. दोन लग्नं पण सोडून दिली. बंद दरवाजासमोरून जातांना मी भिंतीले चिकटून जायचो.

अशातच एका दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर, विलासदादा. मी वाजू दिला. पुन्हा वाजला. आईच म्हणली, उचल ना बे, माणसाचाच असन. उचलला. पलीकडं वहिनी, तिच्या साध्या, जराशा थकलेल्या आवाजात.

"पाणी टाकलं का रे खड्ड्यात?"

ती म्हणली, ऊन पाहून आठवलं, त्यांच्या फोनमधले नंबर पाहून लावून राह्यली, या साली कोणीच लावला नसन.

या साली कोणीच लावला नव्हता... मी धावत अंगणात गेलो, तर खड्डाच नाही! पावसाळ्यात चिखल होते म्हणून दिवाळीनंतर आम्ही अख्ख्या अंगणात फरशीचे ठोकळे बसवले होते, खड्ड्यावरूनच. दादा असता तर त्यानं चैत्रातच बोंब मारली असती. सब्बलीनं ठोकळे उचकटले. खाली माती फाटलेली, पट्टीच्या बाजूनं बोट जाईन एवढी भेग. मीठ टाकलं, बादली ओतली. माती नुसती गटगट प्याली. दुसरी ओतली, तिसरी ओतली, तेव्हा कुठं वर पाणी थांबलं.

मग सगळ्यायले अंगणात काढलं. कुलर नाही, फ्रिज नाही, नळ नाही. रबरी चपला घातल्या. दादाचा होल्डर त्यानं आमच्याकडंच सोडला होता. एक वायर फेजमधे घातली, एक अर्थिंगच्या भोकात. बल्ब पेटला. लख्ख. डबा चालू केला अन् उलटा हात पुढं केला... मागं घेतला... पुन्हा पुढं केला. काहीच नाही. गार पत्रा.

संध्याकाळी मी वहिनीकडं गेलो, आईचं झालेलं सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. फोन माह्याकडं सरकवून म्हणली, माह्या सांगण्यानं लोकं हो हो करतात अन् टाकत नाहीत, मले त्यांच्यासारखं दटावता येत नाही, तू लाव. मी म्हणलं, वहिनी, मले भेव लागते. तिनं गोळा हातात घेतला अन् म्हणली, "तुही आई वाचली ना? मग त्यांच्या घरी पण आया आहेत."

बाहेरच्या खोलीत येऊन पहिला नंबर गुरुजींचा लावला. घंटी वाजत होती अन् माह्या डोक्यात एकच, की कोणाचा आवाज निघते आता. त्यांनी हॅलो म्हणलं. मी दोनदा खाकरलो.

"पाणी टाकलं का बे खड्ड्यात?"

दादा गुरुजींले बे म्हणायचा की नाही, ते मले माहीत नव्हतं. आत वहिनीचं लाटणं थांबलं होतं. मी फोन कानाले दाबून उभा... मग गुरुजी हळूच म्हणले, "टाकतो, विलासराव. आत्ता टाकतो." अन् बादली नळाखाली ठेवल्याचा आवाज आला.

लाटणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं आतून वहिनी म्हणली, "खाकरणं थोडं जास्त झालं."