बैलांचा साज

पहूरच्या कनीजचे अब्बा बैलांसाठी गोंडे वळत. परदेशातून तयार साज येऊ लागला आणि त्यांचं दुकान बसलं. आता कनीज जळगावला आयात मालाचे कागद करणाऱ्या एजंटाकडे नोकरीला होती. पोळ्याच्या तोंडावर तोच साज खोक्यांतून आला. शुल्कासाठी तो कुठल्या प्रकारात बसतो, हे तिलाच लिहायचं होतं. तिनं लिहिलं, जनावरांचा साज.

कंटेनर डेपोत कस्टमच्या साहेबांनी एक खोकं उघडलं आणि कागद परत सरकवला. "एवढे चमचमते मणी बैलाला कोण घालतं? हे नकली दागिने आहेत, यांना शुल्क जास्त. चूक झाली असं लिहा आणि सही करा."

"चूक झालेली नाही, साहेब."

"हाई बठ्ठं बैलसनंच शे, साहेब," खोकं धरून उभा असलेला ईश्वर हमाल म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?"

त्या सहीनं मालाचा प्रकार खोटा दाखवल्याचा डाग कनीजच्या नावावर कायमचा बसला असता. या मालावर तिचा रागच होता, पण तो ओळखण्यात ती चुकणं शक्य नव्हतं. तिनं खोक्यातली घुंगूरमाळ उचलून ओढणीवरून गळ्यात घातली. माळ थेट मांड्यांपर्यंत लोंबली. आवाजानं शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून बघू लागली.

"सांगा, कोणती बाई हे घालून लग्नाला जाईल?"

ईश्वर तोंडावर हात धरून हसला. साहेब लालबुंद झाले. "काढा ते आधी."

"आधी तुम्ही लिहा, जनावरांचा साज," कनीज म्हणाली आणि तशीच समोरच्या खुर्चीत बसली.