चित्रकार भरतीत नापास

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी अकरा वाजता, सांगलीतल्या आमच्या कला महाविद्यालयाच्या पटांगणात, मी चित्रकार भरतीत नापास झालो. अशी भरती कुठे होत नाही. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेसाठी मीच लिहिलेला तो वीस मिनिटांचा प्रयोग होता.

साताऱ्याकडच्या आमच्या गावात मुलगा सतरा-अठराचा झाला की फौजेच्या भरतीसाठी पळायला लागतो. मी पळालो नव्हतो. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटच्या वर्षाच्या अर्जावर पालक म्हणून त्यांची सही हवी होती. "आदी बघतो तितं काय शिकिवत्यात. मग सहीचं," असं म्हणून ते सकाळच्या एसटीने आले आणि पहिल्या रांगेत बसले. कोरा अर्ज त्यांच्या खिशात होता.

भरती अधिकारी झाला होता माझा सांगलीचाच एक वर्गमित्र.

"मामाच्या ट्रॅक्टरवर नाव रंगवलंस?"

"व्हय साहेब. मागं-पुढं दोनीकडं."

"काय मिळालं?"

"च्या."

"बहिणीच्या वहीत आकृत्या काढल्यास?"

"बेडूक, जास्वंद आन् माणसाचं काळीज."

"मग अनुभव आहे. छाती मोजू."

त्याने शर्टावरूनच टेप गुंडाळली. वडील उठले.

"आरं गड्या, कापडावरनं मोजतोस व्हय?" त्यांनी टेप काढून घेतली. "काढ रं शर्ट."

हे संहितेत नव्हतं. मी शर्ट काढला.

"श्वास सोड. आता भर. आजून."

फौजेत छाती पाच सेंटिमीटर फुगावी लागते. माझी तीन फुगली.

"नापास," वडील म्हणाले. पटांगण हसलं. प्रयोग इथेच संपायचा होता. वडील जागेवर गेले नाहीत.

"आता काय करनार?"

"पुढच्या भरतीला येनार, साहेब."

"मग पळून दाव. ती तिवई घे खांद्यावर."

कॅनव्हास ठेवायची लाकडी तिवई घेऊन मी पटांगणाला पाच फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत तिचा एक पाय निखळून पडला. "उचल," एवढंच ते म्हणाले. मी उचलला आणि पाचवी पूर्ण केली. वडिलांनी घड्याळ पाहिलं. वेळ सांगितली नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुणपत्रकावर लिहिलं : 'वडिलांचं काम करणारा नट उत्तम. मुलगा ठीक.' तो नट कुठल्या वर्गातला, हे त्यांनी नंतर विचारलं.

दुपारी मी वडिलांना स्टँडवर सोडायला गेलो. ते साताऱ्याच्या गाडीत खिडकीजवळ बसले, गुडघ्यावर अर्ज ठेवून बराच वेळ लिहीत राहिले आणि गाडी हलताना तो खिडकीतून माझ्या हातात दिला. सही होती. सहीखाली हुद्दा होता. पालकांच्या शेऱ्याची चौकट सगळे कोरी सोडतात. तिथे लिहिलं होतं : 'छाती दोन सेंटिमीटर कमी. पळतो.'

सोमवारी महाविद्यालयाच्या कार्यालयाने अर्ज दाखल करून घेतला.