उत्तर चुकलं, पेढे वाटा!

आमच्या ऑफिसात कोड कमी लिहून होतो आणि किस्सेच जास्त जमतात. त्यातले बहुतेक प्रफुल्लचे, हेच तर माझं दुखणं!

वर्ध्यात एका कापडाच्या दुकानावर आमची खोली. देशकर सर, मी आणि प्रफुल्ल. डॉक्टर-प्रोफेसर मंडळी आकडेवारीसाठी जी कॉम्प्युटरची भाषा वापरतात, तीच आम्ही नव्यानं लिहितो, जावा नावाच्या दुसऱ्या भाषेवर चालेल अशी. नियम एकच. मूळ भाषा जे उत्तर देते, तेच आपलं आलं पाहिजे. ती चुकली तर आपणही तसंच चुकायचं!

सर दोन-एक वर्षांत काम सोडून मुलाकडे पुण्याला जाणार होते. त्यांच्यानंतर टीम लीड कोण, मी की प्रफुल्ल? खरं तर हा प्रश्नच नव्हता. सीनियर मी!

* * *

प्रफुल्लनं आल्या आल्या मूळ भाषेतली एक जुनी चूक हुबेहूब उतरवली. सरांनी पेढे मागवले. खालच्या दुकानाचे शेठजी वर आले. "काय, पास झाले का?"

"नाई शेठजी, उत्तर चुकलं!" प्रफुल्ल म्हणाला.

शेठजींनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. सर हसून हसून बेजार! मी इतकी वर्षं बरोबर उत्तरं काढत होते, मला कोणी चिमूटभर साखर दिली नाही.

* * *

मे महिना, आणि खोलीत कूलर एक. सरांनी ठरवलं, ज्याच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे उत्तरं मूळ भाषेशी जुळलेली, त्याची खुर्ची कूलरसमोर. अख्खा उन्हाळा प्रफुल्ल तिथंच! एक दिवस म्हणतो, "ताई, तुम्ही बसा इथं. मले सर्दी झाली."

"राहू दे," मी ओढणीनं घाम पुसत म्हटलं, "मले गर्मी होतच नाई!"

* * *

प्रफुल्लच्या घरची हिंगणघाटकडे भाजीची शेती. एकदा आमच्या घरी पिशवीभर वांगी देऊन गेला. आई लगेच सुरू, "किती गुनाचं पोरगं हाये वं! तुमच्यात तोच साहेब असन."

"आई, त्याच्यापेक्षा सीनियर मी आहो!"

"मंग तू काऊन नाई आनत वांगे?"

* * *

गणपतीत बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा लकी ड्रॉ होता. म्हटलं, आता आपली चमक दाखवू. चिठ्ठ्यांऐवजी आमच्याच भाषेत प्रोग्राम लिहिला. कुकर लागला प्रफुल्लला!

पुढच्या वर्षी तोच प्रोग्राम, तीच यादी. पुन्हा प्रफुल्ल! टेस्टिंगमध्ये दर वेळी तेच आकडे यावेत म्हणून आम्ही रँडम आकड्यांची सुरुवात पक्की करून ठेवतो. त्या सवयीनं मी इथंही तेच केलं होतं, म्हणून नावही तेच निघालं. लोक म्हणाले, "नशीब पाहा पोराचं!"

नशीब कसलं डोंबलाचं? मी लिहिलं होतं ते! पण सांगते कोणाला?

* * *

जायच्या आधी सरांनी राउंडिंगचं, म्हणजे दशांशातला आकडा जवळच्या पूर्ण आकड्यावर आणायचं, काम आम्हा दोघांनाही दिलं. "ज्याचं घेईन, तो लीड."

माझं उत्तर गणितानं बरोबर. प्रफुल्लचं मूळ भाषेसारखं, म्हणजे चूक. सरांनी त्याचं घेतलं! वर मलाच म्हणाले, "वैशाली, आपण नक्कल करून राह्यलो, गणित नाई शिकवून राह्यलो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी गेले आणि मूळ भाषा सांभाळणाऱ्या लोकांना सविस्तर लिहून कळवलं. तुमचं राउंडिंग चुकतं, हा घ्या पुरावा. आणि त्यांनी ऐकलं की हो! नव्या आवृत्तीत चूक दुरुस्त. सर जायच्या आधीच, एका सोमवारी, नव्या आवृत्तीशी ताडल्यावर प्रफुल्लच्या टेस्ट लालभडक! मी चहा घेऊन खुर्ची त्याच्याकडे वळवून बसले.

त्यानं शांतपणे एक फाइल उघडली, त्यातला कोड टाकला. सगळं हिरवं!

"इतक्या लवकर? कोणाचं हे?" सरांनी विचारलं.

"ताईचं. मी जपून ठेवलं होतं. म्हटलं, कधी ना कधी त्या लोकायले पटनच." मग माझ्याकडे वळून म्हणतो, "पण ताई, त्यायले हे सांगतलं कोनं असन?"

मी म्हटलं, "मले काय माहीत!"