पहिला शिंपला कोणी खायचा?

पुण्यात धायरीला आमच्या शेडमागे शिंपल्यांच्या टरफलांचा ढीग आहे. किस्सेही त्याच वेगाने साठतात. टरफलं निदान कोंबड्यांच्या खाद्याला जातात, किस्से मलाच सांगावे लागतात. कोकणातल्या खाडीत दोरांवर वाढवलेले हिरवे शिंपले आम्ही आणतो, उकडून फ्रीझ करतो, परदेशी पाठवतो. मी चौथी शिकले. हा धंदा नाकाने आणि बोटाने शिकले.

*

सुरुवातीलाच शेजारच्या सोसायटीचे चेअरमन आले. इथे नक्की काय चालतं, म्हणाले. मी विचारलं, वास येतो का? नाही. आवाज? तोही नाही. मग आलात कशाला?

"अहो, काहीच येत नाही, म्हणून तर संशय आला."

*

बबन वर्ध्याचा. आधी मार्केट यार्डात पालेभाजीच्या गाळ्यावर हमाल. आमच्याकडे आल्यावर एकदा शिंपल्यांची पोती उतरवली आणि कोथिंबिरीसारखी ताजी राहावीत म्हणून त्याने ती गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवली. खाऱ्या पाण्यातला तो माल सकाळी सगळा मेलेला. मी तोंडाचा पट्टा सोडला. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, पाण्यातला जीव पाण्यात कसा मरते?"

तेव्हापासून बबन नळाजवळ दिसला की मी खोकते.

*

शर्वरी फूड टेक्नॉलॉजीची डिग्री घेऊन आली. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, उघडा शिंपला दिसला तर टिचकी मार. मिटला तर जिवंत, नाही मिटला तर फेक. आणि उकळल्यावर जो उघडत नाही, तोही फेक.

"आजी, म्हणजे उघडला तरी संशय, मिटला तरी संशय?"

"सोयरीक जमवताना तुमच्याकडे काय करतात?"

*

पहिली ऑर्डर दुबईची. तिथल्या व्यापाऱ्याचा माणूस माल बघायला मुंबईहून आला. तो नको म्हणाला तर शेडला कुलूप, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चहाही न घेता त्याने विचारलं, पुण्यात समुद्र कुठे आहे? मी म्हटलं, मुंबईत आहे, म्हणून आपण रोज पोहता का?

तो हसला नाही. उकडलेल्या शिंपल्यांचं ताट पुढे केलं, तर म्हणाला, "आधी तुम्ही खा."

मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं. स्वतः खात नाही ते जगाला विकता, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, याआधी मी पेंड विकायचे. तेव्हा म्हैस सोडून कोणी चव विचारली नाही.

मग ताट त्याच्याकडे सरकवलं. तो चाचरला. आमच्याही घरी चालत नाही, म्हणाला. शर्वरीकडे पाहिलं, तर तिचा गुरुवार. बबन कधीच सटकला होता.

शेवटी बाहेर फ्रीझरची गाडी घेऊन उभा असलेला मालवणचा ड्रायव्हर आत बोलावला. त्याने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि बघता बघता ताट रिकामं केलं.

मुंबईकर माझ्या कानाशी आला. "याला तासभर इथेच बसवू. काही होतंय का बघू."

ड्रायव्हरने हात पुसता पुसता ऐकलं.

"तासभर बसूचा असात, तर आणखी एक ताट येऊ दे."